चांदीच्या मुठीची काठी : वऱ्हाडच्या वैभवाची एक विस्मृत खूण

वऱ्हाडातील जुन्या व्यापारी घराण्यांच्या दिवाणखान्यात पूर्वजांची छायाचित्रे मोठ्या आदराने लावलेली असतात. नक्षीदार खुर्चीवर बसलेले गृहस्थ, डोक्यावर पागोटे अथवा टोपी, अंगात लांब कोट, गळ्यात उपरणे आणि उजव्या हाताच्या पकडीत एक काठी, असा त्या काळच्या छायाचित्रांचा ठरलेला थाट असे. ती काठी अनेकदा आधारासाठी नसे, कारण गृहस्थ ऐन चाळिशीतले दिसतात. तिची मूठ मात्र जुन्या कृष्णधवल चित्रातही चमकते. छायाचित्र आज भिंतीवर आहे, त्यातील गृहस्थांचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पण ती काठी कोठे गेली, हे विचारल्यास बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. या एका छोट्या प्रश्नाच्या पाठीमागे वऱ्हाडच्या कापसाचा, चांदीचा आणि समाजाच्या बदलत्या मूल्यांचा मोठा इतिहास दडलेला आहे. सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना त्या इतिहासाचा साक्षेपाने विचार करणे उचित ठरेल.

आधाराची काठी व अधिकाराची काठी

मराठी भाषेने काठीला फार मानाचे स्थान दिले आहे. एकुलत्या एका मुलाला आपण म्हातारपणाची काठी म्हणतो, निराधाराच्या आधाराला आंधळ्याची काठी म्हणतो, आणि देवाच्या काठीला आवाज नसतो असे म्हणून नियतीच्या न्यायाची आठवण ठेवतो. यातील पहिली काठी आधाराची, तर शेवटची काठी अधिकाराची आहे. चांदीचा संबंध आला तो मुख्यत्वे या दुसऱ्या काठीशी.

राजदरबारात स्वारीपुढे चालणाऱ्या चोपदाराच्या हाती चांदीने मढविलेला दंड असे. चोपदार हा शब्दच मुळी फारसीतील ‘चोबदार’ या शब्दावरून आला असून ‘चोब’ म्हणजे लाकूड अथवा काठी. राजे गेले, दरबार गेले, तरी आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर आजही पालखी सोहळ्यात चोपदाराने आपला दंड उंचावला की टाळ-मृदंगाचा गजर क्षणार्धात थांबतो व हजारो वारकरी शांत होतात. जैन मंदिरांतही रथयात्रेच्या प्रसंगी छत्र व चामर यांच्या जोडीला चांदीच्या छड्या दिसतात. या सर्व ठिकाणी चांदी त्या माणसाची नसते. ती राजाची, देवाची अथवा संस्थेची असते आणि हाती धरणारा केवळ सेवक असतो.

खासगी गृहस्थाने स्वतःच्या हौसेसाठी चांदीच्या मुठीची काठी बाळगण्याची पद्धत आपल्याकडे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात रुळली. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत कमरेची तलवार हळूहळू सुटली आणि प्रतिष्ठित माणसाच्या हाती तिच्या जागी काठी आली. लंडनमध्ये १८३० साली जेम्स स्मिथ यांची व १८३६ साली थॉमस ब्रिग यांची छत्र्या व काठ्यांची पेढी सुरू झाली. साहेबांच्या हातातील ही वस्तू मुंबई-कलकत्त्याच्या वकिलांनी, डॉक्टरांनी, शेटसावकारांनी पाहिली आणि आपलीशी केली. पोशाख देशी, काठी मात्र विलायती धाटणीची, असा मेळ त्या पिढीने सहज साधला.

कापसाच्या गाठी व चांदीचे रुपये

ही हौस वऱ्हाडात पोहोचण्यास एक निश्चित आर्थिक कारण होते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाचे भाव चढले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोहोचला. अहमदनगरच्या राजकन्येच्या आंदणात गेल्यामुळे ‘बडनेरा-बीबी’ म्हणून ओळखले जाणारे हे गाव या मार्गावरील महत्त्वाचे स्थानक बनले. अमरावतीला जाणाऱ्या फाट्यामुळे बडनेरा हे जंक्शन झाले. खामगावचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. अमरावतीच्या बाजारातील गाठी बडनेऱ्याच्या मार्गे मुंबईकडे जाऊ लागल्या आणि त्याच मार्गाने रुपया वऱ्हाडात येऊ लागला.

तो रुपया चांदीचा होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १८३५ पासूनचा प्रमाणित रुपया म्हणजे एक तोळा, अर्थात सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचे नाणे. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. त्यामुळे नाणे आणि दागिना यांच्यातील अंतर फारसे नव्हते. भरवशाच्या कसाची चांदी हवी असेल तर रुपये आटवावेत, हा सराफांचा साधा हिशेब होता. हंगाम चांगला गेला की रुपये आटवून दागिने व भांडी घडवावीत आणि अडचण आली की ती मोडून पुन्हा रुपये करावेत, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. वऱ्हाडातच खामगावने चांदीच्या शुद्धतेबद्दल लौकिक मिळविला. चांदीच्या मूर्ती व पूजासाहित्यासाठी ते आजही रजतनगरी म्हणून प्रसिद्ध आहे.

याला जोड मिळाली ती जागतिक भावाची. जर्मनीसह अनेक देशांनी सुवर्णचलन स्वीकारल्यानंतर चांदीचा भाव घसरत गेला. १८७३ च्या सुमारास लंडनच्या बाजारात औंसाला सुमारे ५९ पेन्स असलेली चांदी १९०२ पर्यंत सुमारे २४ पेन्सवर आली. सरकारला व आयात करणाऱ्यांना ही घसरण फार जाचली आणि १८९३ साली हिंदुस्थानातील टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद कराव्या लागल्या. कारागिरांच्या दृष्टीने मात्र कच्चा माल स्वस्त झाला. चांदीच्या मुठींचा बहराचा काळ १८७० ते १९१४ असा साधारणपणे मानला जातो, त्याच्या मुळाशी हे अर्थकारण आहे. राजाला व सरदारालाच परवडणारी वस्तू आता वकिलाला, डॉक्टरला आणि अडत दुकानदारालाही परवडू लागली.

मुठीची घडण

चांदीच्या मुठीची काठी म्हटली म्हणजे भरीव चांदीचा गोळा डोळ्यांपुढे येतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. बहुतेक मुठी पातळ पत्र्याच्या असतात. विलायती कारखान्यांत मुठीचे दोन अर्धे भाग ठशावर दाबून काढीत, डाक देऊन जोडीत आणि आतील पोकळीत राळेसारखा भराव घालीत. भारतीय कारागीर पत्र्याखाली राळ ठेवून हातोडी व छिन्नीने उठावाचे काम करीत. मुठीखाली लाकडाच्या सांध्यावर चांदीची बांगडी बसवीत. तिच्यावर बहुधा मालकाची आद्याक्षरे किंवा सप्रेम भेटीचा मजकूर कोरलेला असे. टोकाला झिजू नये म्हणून पितळेची अथवा लोखंडाची शेंबी लावीत. दांडी शिसवीची, आबनुसाची किंवा मलाक्का या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेताची असे.

शैलीवरून प्रांत ओळखता येतो. कच्छचे काम दाट वेलबुट्टीचे, पुण्याचे काम देवदेवतांच्या ठळक उठावाचे, काश्मीरचे काम शालीवरील नक्षीची आठवण करून देणारे, तर लखनौच्या कामात झाडी व शिकारीची दृश्ये. भुजचे उमरसी मावजी यांचे काम इतके नावाजले की त्यांच्या आद्याक्षरांचा शिक्का असलेली वस्तू संग्राहक आजही शोधत असतात. विलायती मुठीवर मात्र शिक्क्यांची पूर्ण ओळ असते. चालता सिंह हे शेकडा ९२.५ शुद्धतेच्या स्टर्लिंग चांदीचे चिन्ह, चित्त्याचे मुख हे लंडनचे, नांगर हे बर्मिंगहॅमचे, आणि त्याशेजारील इंग्रजी अक्षरावरून तपासणीचे वर्ष निघते. एवढ्याशा जागेत मालाचा कस, गाव, वर्ष आणि कारागीर या चारही गोष्टींची नोंद करणारी ही पद्धत कोणत्याही व्यापाऱ्याला कौतुकास्पद वाटावी अशीच आहे.

काही काठ्यांच्या पोटात दुसरेच रहस्य असे. मूठ फिरवून ओढली की आतून पाते बाहेर येणाऱ्या काठीला मराठीत गुप्ती म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तर दुर्बीण, घड्याळ, लेखणी, औषधाची कुपी, मद्याची बारीक नळी अशा नाना वस्तू काठीत दडविण्याची कला विकसित झाली. स्वित्झर्लंडच्या कॅथरीन डाइक यांनी १९८३ साली अशा काठ्यांवर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला व तो संग्राहकांचा मार्गदर्शक ठरला.

फसवणुकीला अर्थातच जागा आहे. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने आपल्या घरोघरी परिचित असलेल्या धातूत चांदीचा अंशही नसतो. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू होय. १८४० नंतर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे तंत्र इंग्लंडमध्ये प्रचारात आले आणि वरवर चांदीसारख्या दिसणाऱ्या मुठी स्वस्तात निघू लागल्या. अलीकडे तर पितळी मूठ काळी करून जुनी म्हणून विकली जाते. कडा झिजल्या असतील आणि त्यांतून पिवळा धातू डोकावत असेल, तर मुलामा ओळखावा. मूठ जुनी आणि शेंबी अगदी नवी असेल, तर विचारपूस करावी.

हैदराबादचा संग्रह व पुण्याचा संग्रह

काठ्यांचा संग्रह म्हटला की वऱ्हाडी माणसाने पहिले नाव घ्यावे ते हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाचे. तेथे काठ्यांसाठी स्वतंत्र दालनच आहे. हा संग्रह मुख्यत्वे मीर युसुफ अली खान, अर्थात तिसरे सालारजंग (१८८९–१९४९) यांचा. त्यांचे आजोबा पहिले सालारजंग हे निजामाचे कर्तबगार दिवाण होते आणि वऱ्हाडशी त्यांचे नाते मोठे विलक्षण होते. इंग्रजांकडे गेलेला वऱ्हाड निजामाला परत मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केला. १८७६ साली ते इंग्लंडलाही गेले. वऱ्हाड त्यांना परत मिळाला नाही. १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिला. आजोबा ज्या प्रांतासाठी झगडले तो हातचा गेला. नातवाने वस्तूंच्या रूपाने एक वेगळेच साम्राज्य उभे केले.

तिसरे सालारजंग १९१२ ते १९१४ या काळात दिवाण होते. पद सोडल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य व संपत्ती संग्रहाला वाहिली. ते अविवाहित होते आणि २ मार्च १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. मागे वारस नाही, मृत्युपत्र नाही आणि अगणित वस्तूंनी भरलेला वाडा, अशी अवस्था झाली. संग्रहाची पांगापांग होण्यास एवढे पुरेसे होते. सुदैवाने शासनाने इस्टेटीच्या व्यवस्थेसाठी समिती नेमली, १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडी या वाड्यातच संग्रहालय खुले झाले, १९६१ साली संसदेच्या कायद्याने त्यास राष्ट्रीय महत्त्व लाभले आणि १९६८ साली ते मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत गेले.

दुसरे उदाहरण पुण्याचे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे नबाब नव्हते, चष्म्याचा व्यवसाय करणारे मध्यमवर्गीय गृहस्थ आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे कवी होते. साधारण १९२० पासून त्यांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, पानदाने, वाद्ये, दरवाजे अशा घरगुती वस्तू जमविल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांना मोलाची साथ होती. संग्रह सुमारे वीस हजारांवर गेला. बालवयात निधन पावलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यास देऊन डॉ. केळकरांनी तो आपल्या हयातीतच राज्य शासनाच्या स्वाधीन केला. १९८० साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात उभे राहिल्यावर जाणवते ते असे की, राजवाड्यातील वस्तू जपणारे पुष्कळ असतात. स्वयंपाकघरातील व माजघरातील वस्तू जपणारा विरळा.

दोन्ही संग्रहांतून एकच धडा मिळतो. एका संग्राहकाने पुढची तजवीज केली नाही आणि त्याचा संग्रह शासनाने वेळीच लक्ष घातल्यामुळे टिकला. दुसऱ्याने स्वतःच्या हातांनी दान दिले आणि निश्चिंत झाला. वस्तू जमविणे हे संग्राहकाचे अर्धेच काम होय. आपल्यानंतर तिचे काय होईल याची व्यवस्था लावल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

चांदीविना काठी

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात चांदीच्या मुठीची प्रतिष्ठा ओसरू लागली. पहिल्या महायुद्धानंतर पोशाख सुटसुटीत झाला, सायकल व मोटार आली, हातात कागदपत्रांची पिशवी आली आणि पावसाळ्यात छत्री अधिक उपयोगी पडू लागली. आपल्या देशात याला आणखी एक कारण घडले. महात्मा गांधींच्या हाती साधी काठी आली. १९३० च्या दांडी यात्रेत ती जगाने पाहिली. १९३६ पासून बापूंचे वास्तव्य असलेला सेवाग्राम आश्रम बडनेऱ्याहून रेल्वेने काही तासांच्याच अंतरावर आहे. ज्या काठीवर चांदीचा कणही नाही, तिच्यापुढे चांदीच्या मुठी निस्तेज झाल्या. खादी नेसलेल्या हातात विलायती शिक्क्याची मूठ शोभेनाशी झाली.

जैन समाजाला हे नवीन नव्हते. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतील साधू-साध्वी विहार करताना लाकडी दांडा बाळगतात, पात्रेही लाकडाची वापरतात; धातूची वस्तू त्यांना वर्ज्य असते. दिगंबर मुनिराजांजवळ पिच्छी व कमंडलू यांखेरीज काही नसते. ज्यांच्यापुढे नगरशेठ आपली चांदीची काठी बाजूला ठेवून नतमस्तक होत, त्यांच्या हाती चांदी नव्हती. श्रावकाला मात्र सर्वसंगपरित्याग शक्य नसतो, म्हणून त्याच्यासाठी परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वातींनी परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तूवर बोट न ठेवता मूर्च्छेवर, म्हणजे तिच्यावरील आसक्तीवर ठेवले आहे. या दृष्टीने पाहता, पूर्वजांची काठी कुलूपबंद पेटीत ठेवून तिचा अभिमान बाळगणे हाही परिग्रह ठरू शकतो आणि तीच काठी तिच्या इतिहासासह समाजापुढे ठेवणे हा परिग्रहातून बाहेर पडण्याचा मार्ग ठरू शकतो.

मोडीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. छायाचित्रातील काठ्या गेल्या कोठे? काही वाळवीने खाल्ल्या, काही वाटणीत हरवल्या, काही सुतक फिटल्यावर कोणाला तरी देऊन टाकल्या. मोठा वाटा मात्र मोडीत गेला असे मानण्यास जागा आहे. चांदीचा भाव चढला की घरातील न वापरत्या वस्तूंवर सर्वांत आधी नजर जाते. अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीमुळे जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ पोहोचली आणि २७ मार्च १९८० रोजी तो फुगा फुटला. मधल्या काही महिन्यांत अमेरिका व ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जपलेली चांदीची भांडी, मेणबत्तीदाने व मुठी ढिगाने मुशीत गेली. पन्नास डॉलरची ती पातळी ओलांडण्यास चांदीला पंचेचाळीस वर्षे लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ओलांडली गेली आणि वर्षअखेरीस भाव त्याहून वर होता. म्हणजे जुन्या चांदीवरील संकट पुन्हा एकदा दाराशी आले आहे.

येथे थोडा रोखठोक हिशेब मांडणे अप्रस्तुत होणार नाही. एखाद्या मुठीत पाच तोळे चांदी आहे असे धरू. म्हणजे साधारण ५८ ग्रॅम. कस शेकडा ९२.५ असेल तर शुद्ध चांदी ५४ ग्रॅमच्या आसपास. किलोला दोन लाख रुपये भाव धरला तरी रक्कम होते सुमारे १०,८०० रुपये, आणि त्यातून घट वजा जाते. पाच तोळे हेही उदारपणे धरले आहेत. भरावासकट मूठ हातात जड लागते, पण सराफाने तापवून राळ जाळली की तराजूत उरणारा पत्रा पाहून विकणाऱ्याची निराशा होते. दांडीची शिसव व वेत यांना तर मोडीत किंमतच नाही. कारागिराची घडणावळ शून्य, कोरलेल्या आद्याक्षरांचे मोल शून्य, आजोबांच्या हाताने झिजलेल्या जागेचे मोल शून्य. इतर कोणत्याही मालाच्या बाबतीत असा सौदा करणाऱ्यास बाजारात शहाणा म्हणणार नाहीत.

चांदीचे हे दुहेरी वागणे मोठे विचार करण्याजोगे आहे. मूठ चांदीची होती म्हणूनच ती काठी इतकी वर्षे तिजोरीत जपली गेली. साधी काठी तर केव्हाच चुलीत गेली असती. आणि मूठ चांदीची होती म्हणूनच भाव चढताच ती मोडली गेली. जिने रक्षण केले तीच घाताचे कारण झाली. यातून काठी वाचते ती एकाच घरात, जेथे कोणीतरी तिचे मोल वजनाव्यतिरिक्त अन्य मापाने करतो.

वस्तूचे मोल अभ्यासाने कसे वाढते याचेही उदाहरण आहे. इंग्रजी अमदानीत घडलेली भारतीय चांदी ही ना धड प्राचीन, ना धड आधुनिक म्हणून दीर्घकाळ उपेक्षित होती. विदुषी विद्या दहेजिया यांनी २००८ साली न्यूयॉर्क येथे ‘डिलाइट इन डिझाइन’ हे तिचे प्रदर्शन मांडले. अशा अभ्यासामुळे कच्छच्या व पुण्याच्या कारागिरांची नावे जगाला परिचित झाली. वस्तू त्याच होत्या; त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी नवी होती.

जपणूक व मर्यादा

ज्यांच्या घरी अशी काठी अद्याप आहे, त्यांनी काही गोष्टींचे भान ठेवावे. हस्तिदंती मुठीचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. हस्तिदंत, शिंग, कासवाची पाठ या सर्वांमागे हिंसा असल्यामुळे अहिंसाधर्मीयाने कायदा नसता तरी त्यांपासून दूर राहणे उचित होते. चांदी व लाकूड यांची काठी या दृष्टीने अधिक निर्दोष म्हणता येईल. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होतो. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला असून पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. परदेशस्थ मुला-नातवंडांना भेट देताना हे विसरू नये. गुप्ती असल्यास ती शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येते.

चांदी काळी पडली म्हणून चिंच व राखेने घासू नये. त्यामुळे काळेपणाबरोबर शिक्के व आद्याक्षरेही झिजतात आणि वस्तूचा जन्मदाखलाच पुसला जातो. चांदी काळवंडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. लोकरीतही गंधक असते, म्हणून प्रेमाने गुंडाळलेले लोकरीचे फडके चांदीला अपायच करते. रबर तर त्याहून वाईट. सर्वांत उत्तम म्हणजे खळ धुऊन काढलेला, न रंगविलेला मांजरपाट. खळ राहिली तर किडीला आमंत्रण मिळते. दांडी उभी न टेकता आडवी ठेवावी, म्हणजे वेत वाकत नाही.

याहून महत्त्वाची आहे ती नोंद. काठी कोणाची, कोणत्या प्रसंगी मिळाली, बांगडीवर काय कोरले आहे, शिक्के कोणते, लांबी किती, आणि ती हाती धरलेले छायाचित्र कोठे आहे, एवढे एका कागदावर लिहून ठेवल्यास तिचे स्वरूप पालटते. नोंद नसलेली काठी पाच तोळे चांदी असते, नोंद असलेली काठी घराण्याचा इतिहास होते.

अमरावती परिसराला अशा कार्याची थोर परंपरा आहे. येथील महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांनी षट्खंडागम या सिद्धांतग्रंथाचे धवला टीकेसह संपादन केले आणि १९३९ पासून त्याचे खंड अमरावतीहून प्रकाशित होऊ लागले. पुढे सोळा खंडांत ते कार्य पूर्ण झाले. मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके भक्तिभावाने जपलेल्या ताडपत्रांतील ज्ञान त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आले. ताडपत्रे व काठी यांची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. तथापि तत्त्व एकच आहे. जे जपले आहे ते लोकांसमोर आले पाहिजे, तरच जपण्याला अर्थ येतो.

धार्मिक न्यासांच्या वास्तूंत प्रवचनाची सभागृहे असतात, ग्रंथालये असतात. त्यांच्याच एका भिंतीशी काचेचे कपाट ठेवून परिसरातील घराण्यांच्या जुन्या वस्तू नोंदीसह मांडणे फार खर्चाचे काम नाही. पूर्वजांच्या हातची काठी, कापसाच्या अडतीतील तराजू, मोडी लिपीतील चोपडी, पहिल्या दुकानाची पाटी, एवढ्यावरही येणाऱ्या पिढीला पुष्कळ कळेल. बडनेऱ्याच्या स्थानकावर गाडी बदलून ज्यांनी या मुलखात पाय रोवले, त्यांच्या पावलांना आधार देणाऱ्या काठ्या मुशीत जाण्यापूर्वी त्यांतील एखाददुसरी तरी त्या कपाटात येऊन विसावावी. भिंतीवरील छायाचित्राकडे बोट दाखवून नातवाने ‘ही काठी कोठे आहे’ असे विचारल्यास घरातील वडीलधाऱ्यांना त्याचा हात धरून ती दाखविता यावी, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात सदिच्छा.